बुधवारचा हॉल

आम्ही सिडनीत हॅरिस पार्कला राहायला गेलो त्या आठवड्यात आमचं सेकंडहँड वॉशिंग मशीन जिन्याच्या वळणावर अडकलं. बाबा खालून ढकलत होते, आई वरून ओढत होती आणि मी मधल्या पायरीवर अंग चोरून उभी राहून दोघांच्या सूचना एकमेकांपर्यंत पोचवत होते. वरच्या फ्लॅटमध्ये सात विद्यार्थी राहायचे, पण त्या वेळी सगळे कॉलेजला नाहीतर शिफ्टला गेलेले. तेवढ्यात खालून दोन उंच, गोरी मुलं आली. पांढरे शर्ट, टाय, खिशावर काळी पट्टी. काही न विचारता एकाने टाय खांद्यावर टाकला, दुसऱ्याने बाबांना हळूच बाजूला केलं आणि दोन मिनिटांत मशीन आमच्या दारात. दोघांच्याही पट्टीवर नावाआधी ‘एल्डर’ असं लिहिलं होतं. "वडीलधारे?" बाबा मला मराठीत म्हणाले, "यांना तर धड मिसरूडही फुटलेलं नाही." आईने रीतीप्रमाणे चहाचं आधण ठेवलं, तर त्यांनी चहा नको म्हटलं, कॉफीही नको म्हटलं आणि शेवटी कोकम सरबताचे दोन-दोन ग्लास संपवले. आम्ही मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे धर्मसेवक आहोत, चहा-कॉफी घेत नाही, असं त्यांनी सांगितलं. जाताना एक जण मला म्हणाला, तुझ्या शाळेत आमच्या चर्चची एक मुलगी आहे, सेला, तिला सांगतो.

ते गेल्यावर आई म्हणाली, "बघा हं. फुकट मशीन उचलणारा माणूस पुढे काहीतरी मागतोच."

आईचं हे म्हणणं उगाच नव्हतं. मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळात तिने सतरा वर्षं नर्स म्हणून काढली होती. तिथे डॉक्टर, पेशंट, पेशंटचे नातेवाईक, खाली उसाचा रस विकणारा, सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणायचे. ते सोडून ती सिडनीला विद्यार्थिनी म्हणून आली होती. ते दिवसच तसे होते. विमानंच्या विमानं भरून विद्यार्थी येत. कोणी अकाउंटिंग शिकायला, कोणी स्वयंपाक, कोणी केस कापायला. ज्या कोर्सने पुढे पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळेल तो कोर्स. आई एकोणचाळीस वर्षांची आणि तिच्या वर्गातल्या पोरी एकोणीसच्या. युनिव्हर्सिटी, तिथल्या बोलीत युनी, सुटली की ती वृद्धाश्रमात आफ्टरनून शिफ्टला जायची आणि म्हाताऱ्यांना भरवायची. तिथे तिला कोणी सिस्टर म्हणत नसे, ‘सुजा’ म्हणत. सुजाता एवढं लांब नाव त्यांना झेपत नव्हतं.

बाबा मिरजेला विज्ञानाचे मास्तर. भूत उतरवणाऱ्यांच्या मागे लागण्यात आणि गावोगाव चमत्कारांचे प्रयोग उघडे पाडण्यात त्यांचे रविवार गेले होते. सिडनीत ते बिस्किटांच्या कारखान्यात कामाला लागले. त्यांच्या स्वेटरला व्हॅनिलाचा वास यायचा आणि तुटक्या बिस्किटांच्या पिशव्या घरी यायच्या. आमच्या घरात देव्हारा नव्हता. लग्नात मिळालेली छोटी अन्नपूर्णा आईने तांदळाच्या डब्यात ठेवली होती. बाबांना ते ठाऊक होतं. तांदूळ काढताना ते वाटी जरा जपूनच घालायचे. एवढ्यावर त्या दोघांचा धार्मिक प्रश्न मिटलेला होता.

मी पंधरा वर्षांची होते आणि शाळेत कोणाशी बोलत नव्हते. इंग्लिश येत होतं, पण तिथलं नाही. मी काही म्हटलं की समोरचा "हं?" करायचा आणि त्या एका ‘हं’नंतर पुन्हा तेच वाक्य म्हणायचा धीर माझ्यात नसायचा. डबा मी लायब्ररीच्या मागच्या पायऱ्यांवर बसून खायचे. तिथे एके दिवशी माझ्यावर मोठी सावली पडली. वर बघितलं तर माझ्या दीडपट उंचीची, कानामागे फूल खोचलेली मुलगी.

"वॉशिंग मशीनवाली तूच का?" तिने विचारलं. "मी सेला. बुधवारी संध्याकाळी काय करतेस?"

"काही नाही."

"गुड. सहाला माझी मम घ्यायला येईल."

मला हो-नाही म्हणायला तिने जागाच ठेवली नाही. तिचा हा स्वभाव आजही तसाच आहे, आणि त्याबद्दल मी तिची जन्मभराची ऋणी आहे.

सेलाचे लोक मूळचे पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांचे. त्यांची मंडळी, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘वॉर्ड’, पश्चिम सिडनीत एका विटकरी रंगाच्या इमारतीत भरायची. वॉर्ड म्हटल्यावर आईला इस्पितळ आठवलं आणि बाबांना नगरपालिका. पहिल्या बुधवारी बाबाही सेलाच्या आईच्या गाडीत बसून आले, म्हणायला मला सोडायला, प्रत्यक्षात तपासणीला. त्यांनी बाहेरून एक फेरी मारली. छपरावर क्रॉस नव्हता, दारात दानपेटी नव्हती, प्रार्थनेच्या खोलीत एकही चित्र नव्हतं. त्या खोलीमागे मात्र चांगलं मोठं बास्केटबॉलचं कोर्ट होतं आणि तिथे चाळीसएक मुलं बुटांचा चर्र चर्र आवाज करत पळत होती. बाबांनी कडेची जाळी ओढून पाहिली. "जाळी मजबूत आहे," एवढंच म्हणून ते बाहेर जाऊन थांबले.

त्या हॉलमध्ये माझी तीन वर्षं गेली. बुधवारी आम्ही काय काय करत नव्हतो! व्हॉलीबॉल, ब्रेड भाजणं, टायर बदलणं, कोणा एकट्या म्हातारीच्या अंगणातलं गवत कापणं, चार सुरांत गाणं. टोंगन आणि शेजारच्या बेटांवरची सामोअन मुलं चार सुरांत बोलावं इतक्या सहज गायची. मी एका सुरातही डळमळायचे, तर मला दोन दणकट आवाजांच्या मधोमध उभं करत, म्हणजे पडायला जागा नको. त्या मंडळीत पगारी पुरोहित नव्हता. बिशप म्हणजे मुख्य माणूस, तोही आळीपाळीने निवडलेला, आणि आमचे बिशप म्हणजे सेलाचे वडील, बिशप तौफा. आठवडाभर ते काँक्रीट ओतायचे आणि रविवारी सूट घालून समोर बसायचे. त्यांच्या नखांच्या कडांना सिमेंट असायचं. आणि जसे ते, तशीच मुलं. प्रत्येकाकडे काहीतरी काम. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हाच सेलाने जाहीर केलं, की पुढच्या बुधवारचं खाणं मेडा बघेल. मेधा म्हणणं तिला कधीच जमलं नाही. शाळेत ज्या मुलीला "हं?"ची भीती वाटत होती, तिला आता तीस पोरांना "रांगेत या" म्हणून ओरडावं लागलं, आणि आश्चर्य म्हणजे ती पोरं रांगेत आली. मी पुढे पुष्कळ ट्रेनिंग घेतली, दिलीही. पण माणसाच्या हातात आधी काम द्यावं, विश्वास आपोआप येतो, हे मी त्या हॉलमध्ये शिकले.

दर दोन महिन्यांनी शनिवारी नाच असायचा. आजूबाजूच्या सगळ्या वॉर्डांतली चौदाच्या वरची मुलं यायची. बाह्या असलेला ड्रेस, गुडघ्याखाली झगा, दारू नाही, सिगारेट नाही, आणि जोडीने नाचायचं तर दोघांच्या मध्ये एक जाड पुस्तक मावेल इतकं अंतर. हे नियम ऐकून आई म्हणाली, "या देशात आल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी कळलं." मला जास्त आवडला तो न लिहिलेला नियम: भिंतीला कोणी टेकून राहायचं नाही. एखादी मुलगी दोन गाणी एकटी दिसली की कोणीतरी मुलगा हात पुसत यायचाच. माझ्याबरोबर पहिल्यांदा नाचला तो सामोअन मुलगा पावलं चुकू नयेत म्हणून ओठांत आकडे मोजत होता, आणि मी मराठीत मोजत होते. गाणं संपल्यावर त्याने गंभीरपणे माझे आभार मानले, जसं काही मी त्याला गणित सोडवून दिलं. आता माझी मुलगी रात्री फोनच्या उजेडात एकटीच हसताना दिसते, तेव्हा मला त्या घामेजल्या तळहातांची आठवण येते. तिला सांगायला गेलं तर "मम, दॅट साउंड्स सो ऑकवर्ड," म्हणते. होतंच ऑकवर्ड. सगळ्यांचंच सारखं ऑकवर्ड होतं, त्यातच तर मजा होती.

शाळेच्या दिवशी सकाळी सहाला तौफांच्या बैठकीच्या खोलीत धर्माचा वर्ग भरायचा. ओल्या केसांची, अर्धवट झोपेतली मुलं, गरम कोकोचे मग, टोस्टचा वास आणि पुस्तकं उघडल्यावर दोन मिनिटांत कोणाचं तरी घोरणं. सेलाची आई शिकवायची आणि घोरणाऱ्याच्या मांडीवर हळूच धाकटं बाळ ठेवायची. तिच्याच हातचं मी पहिल्यांदा ‘लू’ खाल्लं, पानांत मांस बांधून शिजवलेलं टोंगन पक्वान्न. मी मांस खात नाही म्हणून तिने माझ्यासाठी एक पुडी वेगळी बांधली होती. आत हिरवी पानं, नारळाचं दाट दूध, कांदा. मी एक घास घेतला आणि थांबले. घरी नेलेली अर्धी पुडी आईने उघडली, वास घेतला आणि खुर्चीवरून उठलीच. "अगं, हे अळू आहे! यांना अळू कुठे मिळालं?" तौफांच्या मागच्या अंगणात होतं, कुंपणाला लागून हातभर रुंद पानांचं. पुढच्या रविवारी आई पहिल्यांदा तिकडे आली ती प्रार्थनेला नाही, पानं कापायला. आणि त्याच्या पुढच्या रविवारी चर्चमधल्या सामुदायिक जेवणाच्या टेबलावर अळूवड्यांचे तीन ट्रे होते. पाच मिनिटांत संपले. एका धिप्पाड आजीबाईंनी आईचे दोन्ही हात धरून म्हटलं, "सिस्टर, हे काय आहे?"

तिथे सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणत, ही त्यांची रीतच. पण आईचा चेहरा मी पाहिला. वर्षभरात तिला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. तरी संशय काही गेला नाही. "माणसं चांगली आहेत," ती घरी येताना म्हणाली, "पण माणसं चांगली असली की जास्त जपून राहावं लागतं."

मी सोळा पूर्ण केली त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुट्टीत ट्रेक निघाला. ट्रेक म्हणजे डोंगर चढणं नव्हे. त्यांचे जुने लोक सामान हातगाड्यांवर लादून शेकडो मैल ओढत चालत गेले होते, त्याची आठवण म्हणून मुलांनी तीन दिवस लाकडी हातगाड्या ओढायच्या. ब्लू माउंटन्सच्या पलीकडे कोणाच्या तरी माळरानावर आम्ही सगळे जुन्या पद्धतीचे पायघोळ झगे आणि टोप्या घालून उतरलो. ट्रेकला एक नर्स हवी होती. बिशप तौफा स्वतः आमच्या फ्लॅटवर आले, सोफ्याच्या कडेवर अवघडून बसले आणि आईला म्हणाले, "सिस्टर चौगुले, आमच्याकडे पट्ट्या बांधणारे खूप आहेत. बघणारं कोणी नाही."

"मी इथे नर्स नाही. स्टुडंट आहे," आई म्हणाली.

"मेडा म्हणते सतरा वर्षं."

आईने माझ्याकडे रागाने पाहिलं आणि होकार दिला. मला नंतर म्हणाली, की तुझ्यावर लक्ष ठेवायला येतेय.

दुसऱ्या दिवशी अचानक ऊन तापलं. वारा पडला, माशा तोंडावर बसायला लागल्या. दुपारी एक चढ होता आणि तिथे त्यांची एक प्रथा होती. पूर्वी कधीतरी पुरुषांना दुसरीकडे बोलावून नेलं आणि बायकांनी एकट्यांनी गाड्या ओढल्या, तसं आता मुलींनी एकट्यांनी ओढायचं. मुलगे आणि बाप्ये दोन्ही बाजूंना टोप्या काढून गप्प उभे राहणार. मदत करायची नाही, बोलायचं नाही. आम्ही ओढायला लागलो. सेला पुढच्या आडव्या दांड्याला, मी तिच्या शेजारी, चौघी मागून ढकलत. चाकाखाली दगड आला की गाडी दोन इंच मागे यायची आणि सहा जणींचा एकच हुंकार निघायचा. बाजूला उभ्या मुलांपैकी काही रडत होते, हे मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं. माझ्या आयुष्यात मी इतकी कुठल्याही गोष्टीचा भाग झाले नव्हते.

अर्ध्या चढावर सेला काहीतरी टोंगनमध्ये बोलायला लागली. मला वाटलं प्रार्थना करतेय. मग ती हसली आणि म्हणाली, "मेडा, बस चुकेल." पुढच्या पावलाला ती दांड्यावरच कोसळली.

गाडी मागे सरकली, मागच्या मुलींनी कशीबशी खांदे लावून थोपवली. मी किंचाळले. आणि दोन्ही बाजूंना उभे असलेले पुरुष एक क्षण तसेच उभे राहिले. तसं ठरलेलं होतं ना! तेवढ्यात खालून आई पळत आली, झगा एका हातात गुंडाळून धरलेला. तिने सेलाच्या मानेला हात लावला, पापणी उघडून बघितली, नाव विचारलं. सेलाने काहीतरी भलतंच उत्तर दिलं. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. आईने मान वर केली आणि त्या सगळ्या सहाफुटी माणसांवर मिरजेच्या वॉर्डातल्या आवाजात ओरडली, शुद्ध मराठीत: "अरे, बघता काय उभे! उचला तिला!"

एक शब्द न कळता सगळे धावले. सगळ्यांत पुढे बिशप. मग आईचं इंग्लिश परत आलं, पण तुकड्यातुकड्यांनी. "शेड. नाऊ. ऑल एस्की, ऑल आइस. यू, कॉल ॲम्ब्युलन्स. यू, नो प्रेइंग, फॅन!" तिने सेलाचा जाड झगा कात्रीने सरळ कापला, मुलींना चादरीचा आडोसा धरायला लावला, एस्कीतलं, म्हणजे बर्फाच्या पेट्यांतलं, गार पाणी मानेवर, काखेत, जांघेत ओतत राहिली. बिशप तौफा गुडघ्यांवर बसून आपल्या मुलीला पुठ्ठ्याने वारा घालत होते आणि आई त्यांना सांगत होती, जोरात, आणखी जोरात. ॲम्ब्युलन्स यायला पाऊण तास लागला. त्याआधी कधीतरी सेलाने डोळे उघडले, स्वतःचा कापलेला झगा बघितला आणि म्हणाली, "मम मला मारणार." आई तिथेच धुळीत बसली.

ॲम्ब्युलन्सवाल्या बाईने सगळं तपासलं आणि विचारलं, थंड करायचं कोणी सुरू केलं? सगळ्यांनी आईकडे बोट दाखवलं. "आर यू अ नर्स?" आई धुळीतून उठून उभी राहिली. मग म्हणाली, "येस. सेव्हन्टीन इयर्स." हे उत्तर तिने ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा दिलं. सेला दोन दिवसांत घरी आली. पुढच्या ट्रेकमध्ये ती प्रथा ठेवली, पण उन्हं कलल्यावर, आणि प्रत्येक गाडीबरोबर पाणी घेऊन एक मोठं माणूस, हे बिशपनी आईला विचारून ठरवलं. आपली चूक झाली हे त्यांनी सगळ्या वॉर्डासमोर उभं राहून सांगितलं. मोठ्या पदावरच्या माणसाला असं करताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

ट्रेकहून आल्यावर मी ठरवलं, की बाप्तिस्मा घ्यायचा, पाण्यात बुडी घेऊन त्यांच्यातलं व्हायचं. अठराच्या आत असल्यामुळे आईबाबांची संमती लागणार होती. मी वाक्यं पाठ करून बाबांसमोर गेले. ते ओट्याशी तुटकी बिस्किटं डब्यात भरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता वाद होणार, मी तयारीत होते. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"तुला हे खरं वाटतं, का तुला ही माणसं आवडतात?"

"दोन्ही."

"माणसं मलाही आवडतात. मी पहिला प्रश्न विचारला. उद्या सांग, परवा सांग. खरं वाटत असेल तर मी सही करीन. मला पटत नसलं तरी करीन."

त्यांनी नाही म्हटलं असतं तर फार सोपं झालं असतं. मी भांडले असते, रडले असते, जिंकले असते. सही करायला तयार असलेल्या बापाशी काय भांडायचं? मी दोन आठवडे सकाळच्या वर्गाची पुस्तकं पुन्हा वाचली. वर्गात शिकवल्याप्रमाणे गुडघ्यावर बसून देवाला विचारलंही. सेला म्हणायची, की अशा वेळी तिच्या छातीत ऊब येते. मला फक्त गुडघे दुखल्याचं कळायचं. शेवटी मी बिशपच्या छोट्या ऑफिसात जाऊन बसले आणि म्हणाले, "मला ती ऊब येत नाही. पण मला बाहेरचं राहायचं नाही. तुम्ही मला घ्या, मग येईल."

बिशप तौफा आपल्या नखांच्या कडेचं सिमेंट खरवडू लागले. आईमुळे त्यांची मुलगी उठून बसली होती. मी मागेन ते द्यायला ते तयार होते, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी मागितलं होतं. त्याची मला आजही थोडी लाज वाटते.

"मेडा," ते म्हणाले, "काँक्रीट ओलं असताना कोणी त्यावर उभं राहतं का? मी तुला आज पाण्यात नेलं तर तू देवाला वचन देशील, आणि ते खरं तर आम्हाला दिलेलं असेल. आम्हाला वचन लागत नाही. तू आमचीच आहेस."

मी खूप रडले. त्यांनी टिश्यूचा अख्खा खोका माझ्या मांडीवर ठेवला आणि दार उघडं ठेवून बाहेर बसून राहिले.

महिन्याचा पहिला रविवार त्यांच्या उपासाचा. त्या दिवशी कोणीही उठून बोलावं अशी रीत होती, आणि लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे एकच वाक्य म्हणायचे: मला माहीत आहे की हे खरं आहे. मी घरी सांगितलं, की या रविवारी मी बोलणार आहे. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि तेही आले. आई आणि बाबा मागच्या रांगेत बसले. मी पुढे गेले. माईक माझ्या उंचीवर आणायला कोणीतरी बटण दाबलं, आणि त्याचा गुरगुर आवाज संपेपर्यंत मी थांबले.

"माझं नाव मेधा," मी म्हणाले. "इथे सगळे म्हणतात, मला माहीत आहे. मला माहीत नाही. मी प्रयत्न केला, खोटं बोलत नाही. मी शाळेत कोणाशी बोलत नव्हते आणि तुम्ही मला तीस जणांचं खाणं बघायला लावलंत. तेवढं मला माहीत आहे. बाकीचं कधी कळलं तर येऊन सांगेन."

शेवटी ‘आमेन’ म्हणायचं असतं, ते मी विसरले. एक बाळ रडायला लागलं. मग अळूवड्यांवाल्या आजीबाई पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणाल्या, "एमेनी!" आणि मागोमाग अख्खी मंडळी म्हणाली. मी जागेवर येईपर्यंत सेलाने माझ्यासाठी जागा धरून ठेवलेली होती, नेहमीची. प्रार्थना संपल्यावर पुरुष खुर्च्या गोळा करत होते, तर बाबाही कोट काढून त्यात घुसले. ते आणि बिशप सहा-सहा खुर्च्यांचे ढीग उचलत होते आणि काँक्रीट सुकताना त्यात नेमकं काय होतं, यावर बाबा त्यांना रसायनशास्त्र सांगत होते.

सगळं गोड होतं असं म्हणणार नाही. त्या रविवारनंतर एक-दोन बायका माझ्याशी जपून बोलू लागल्या. मुलगे बारा वर्षांचे झाले की त्यांना एकेक अधिकार मिळे, मुलींना मिळत नसे, आणि याबद्दल मी विचारलं की गाडी दुसऱ्या विषयावर जायची. ते मला तेव्हाही खुपलं, आताही खुपतं. पण अठराची होईपर्यंत एकही बुधवार मी बाहेरची नव्हते. सेला दीड वर्ष धर्मसेवेला जाऊन आली आणि आता बापाचा काँक्रीटचा धंदा चालवते. तिच्या हाताखालचे पुरुष तिला घाबरतात.

मी युनीच्या शेवटच्या वर्षाला ब्रिस्बेनला होते तेव्हा आईचा फोन आला. तिला एव्हाना रजिस्ट्रेशन मिळून मोठ्या इस्पितळात नोकरी लागली होती. "शनिवारी ये," ती म्हणाली. "मला पाण्यात घालणार आहेत." मला कळायलाच मिनिटभर लागलं. तीन वर्षं, मी नसतानाही, ती दर रविवारी तिथे जात होती; आम्हाला वाटायचं स्वयंपाकाला मदत करायला. मी बाबांना विचारलं, तुम्हाला काय म्हणाली? ते म्हणाले, "विचारलं नाही. सांगितलं. बरं केलं."

तिथला हौद कमरेएवढा खोल, पायऱ्या असलेला, पाणी कोमट. कृष्णेच्या काठी वाढूनही आईला पोहता येत नव्हतं. डोक्यावरून पाणी जाण्याची तिला लहानपणापासून भीती. पांढऱ्या झग्यात ती एकेक पायरी चाचपत उतरली. बिशप तौफा आधीच पाण्यात उभे होते. त्यांचं पद तोवर दुसऱ्याकडे गेलं होतं, पण आईने त्यांनाच मागून घेतलं होतं. त्यांनी थोडक्यात प्रार्थना म्हटली आणि तिला मागे झुकवून पाण्याखाली नेलं. ती खोकत, हसत वर आली. सगळे हसले, सेलाने डोळे पुसले. नियम असा, की सबंध माणूस पाण्याखाली जायला हवं, आणि ते बघायला दोन साक्षीदार दोन्ही बाजूंना उभे असतात. त्या दोघांनी एकमेकांकडे बघून माना हलवायला सुरुवात केली होती, तेवढ्यात पहिल्या रांगेतून, मांडीवर कोरडा टॉवेल घेऊन बसलेले बाबा उभे राहिले.

"नो, नो," ते म्हणाले. "लेफ्ट फुट. अंगठा वर होता. अगेन करा."

दोन्ही साक्षीदारांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. आई पाण्यात उभी, केसांतून धारा गळत होत्या. तिने विचारलं, "अहो, नक्की ना?"

"नक्की. मी बघत होतो."

बिशप तौफांनी मान डोलावली. आईने नाक चिमटीत धरलं, डोळे गच्च मिटले आणि दुसऱ्यांदा गेली ती नखशिखांत.